पुढच्याला उठव

फैजपूर-सावदा रस्त्याला, वजनकाट्याच्या भिंतीला लागून
माझं दुकान. पाटीवर ‘ऑटो इलेक्ट्रिशन’ असं लिहिलंय,
रंगवणाऱ्यानं एक अक्षर खाल्लं,
मीही पैसे थोडे कमी दिले.

टिकारामशेठ फेगड्यांनी सुरतहून जुनी जर्मन गाडी आणली.
रात्री धडधाकट, सकाळी बॅटरी मेलेली.
“रातच्याला कोन पेतं रे भो इचं?”

मी दाराच्या खटक्यात स्क्रूड्रायव्हर अडकवला,
म्हणजे तिला वाटावं, दार लागलं, मालक गेला,
निजायला हरकत नाही.
अशा गाड्यांना फसवून निजवावं लागतं.
मग चाळीस मिनिटं हात लावायचा नाही.
शेठ चहा पीत होते, बशी वाजली
तरी मी त्यांच्याकडे पाहिलं.

मीटरवर आकडा उतरत गेला.
आठशे, तीनशे, नव्वद,
वीसवर आला की समजायचं, श्वास लागला.
वीसवर आला.
आणि उसळून पुन्हा आठशे!
आत कुणीतरी दचकून उठलं होतं,
सगळ्यांना हलवत होतं: हाक मारली का कुणी?
कुणीच मारली नव्हती.

शेठ, ह्या गाडीत गाण्याचं काम तांब्याच्या तारेवर नाही.
ही नारिंगी दोरी बघा, हिच्यातून उजेड जातो.
रेडिओ, डिकीतला ॲम्प्लिफायर, सीडीचा डबा,
सीटखाली फोनचा डबा,
पंगतीला बसावेत तसे गोल.
नियम एवढाच:
अंगावर उजेड पडला की उठायचं
आणि पुढच्याला उठवायचं.
शेवटचा जेव्हा पहिल्याच्या हातात उजेड परत देतो
तेव्हा कुठे आवाज फुटतो.
एकानं हात आखडला तर सगळे मुके.

शेठ म्हणाले, “टोळीसारखं.”

टोळीसारखंच.
माझा बाप केळी कापायला जायचा.
ट्रक पहाटे तीनला पाटाजवळ लागायचा,
मुकादम आमचं एकच दार वाजवायचा.
बाप कलिंदरचं, कलिंदर सायबूचं,
सायबू बिस्मिल्लाबाईचं, ती तिच्या दोन्ही दिरांचं,
धाकटा दीर बिडी पेटवून मुकादमाला सांगायचा,
झाले जागे.
तेरा माणसं, एक थाप.

सायबू सुरतेला गेला, न सांगता.
त्या पहाटे कलिंदर कुलपावर थापा देत राहिला
आणि त्याच्यापुढची वस्ती घोरत राहिली.
ट्रक अर्धाच भरला.
दुसऱ्या दिवशी कलिंदर त्या दारापाशी थांबला नाही,
वीस पावलं जास्त चालला.

फोनच्या डब्यात पाणी गेलं होतं.
उघडला तर पाटीवर हिरवी बुरशी, मोरचुदासारखी.
तोच रात्रभर नसलेले फोन ऐकत होता.
मी त्याला काढला. दोरीची दोन टोकं उघडी पडली,
एका टोकापुढे तळवा धरला, चावी फिरवली:
तळव्यावर लाल ठिपका.
मसुराच्या डाळीएवढा.
शेठनाही दाखवला. त्यांनी स्वतःचा तळवा धरला,
बराच वेळ धरून ठेवला.

मग दोन बोटांएवढा वळसा बसवला,
आलेला उजेड तसाच पुढे जाऊ देणारा.
क्षणभर काही नाही.
नंतर डिकीत टक्, मागच्या काचेत खरखर,
आणि जळगाव केंद्रावर कुणीतरी शांतपणे
बाजारभाव वाचत होतं.

“ह्या डब्याचं काय?”
राहू द्या माझ्याकडे.

तो फळीवर आहे, जुन्या हॉर्नांच्या मागे.
बाप गेला, टोळीही आता फोनवरच उठते.
मला मात्र अजून तीनला जाग येते.
कुणी दार वाजवलेलं नसतं.
मी अंथरुणात बसून राहतो,
पुढचं दार कुणाचं, ते आठवत.